ऐकीव विद्या

'ऐकीव' हा शब्द आपण हल्ली बहुधा कमीपणा दाखविण्यासाठीच वापरतो. ऐकीव बातमी म्हणजे भरवसा ठेवू नये अशी बातमी, ऐकीव ज्ञान म्हणजे कच्चे ज्ञान, आणि ऐकीव वाजविणारा म्हणजे ज्याने रीतसर अभ्यास केलेला नाही असा वादक. परंतु ह्याच भाषेत थोर विद्वानाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो, आणि त्या शब्दाचा अर्थ पुष्कळ वाचलेला असा नसून पुष्कळ ऐकलेला असा आहे. वेदांचे नाव श्रुती. दोन स्वरांमधील सूक्ष्म अंतराचे नावही श्रुतीच. कानाने मिळविलेल्या विद्येला पूर्वजांनी दिलेला मान आणि आपण तिला लावीत असलेला बट्टा ह्यांत एवढे अंतर का पडावे, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका लहानशा वाद्यकुलाच्या इतिहासाच्या आधाराने करणार आहोत. ह्या कुलातील एक वाद्य म्हणजे आपली पेटी. दुसरे म्हणजे जत्रेत मुलांसाठी खेळणे म्हणून घेतला जाणारा माऊथ ऑर्गन. दोन्ही एकाच शतकात युरोपात जन्मास आली. दोन्ही अशा लोकांच्या हाती गेली की ज्यांचे गाणे कागदावर नव्हते. आणि त्या लोकांनी ती केवळ कानाच्या बळावर आपलीशी केली.

ह्या विषयाकडे पाहण्यास खानदेशातील यावल हे गाव आम्हांस विशेष सोयीचे वाटते. सातपुड्याच्या पायथ्याचे हे तालुक्याचे ठिकाण. येथे निंबाळकरांचा जुना किल्ला आहे. ह्याच तालुक्यातील फैजपूर येथे १९३६ साली राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. परंतु आमच्या विषयाशी संबंध येतो तो यावलच्या दुसऱ्याच दोन गोष्टींचा. एके काळी हे गाव जाडाभरडा देशी कागद तयार करण्याबद्दल प्रसिद्ध होते; इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी नीळ आणि कागद हे यावलचे जुने धंदे म्हणून नोंदले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे येथील व्यासमहर्षींचे मंदिर. गुरुपौर्णिमेस तेथे दूरदूरचे लोक दर्शनाला येतात. भारताची कथा व्यासांनी मुखाने सांगितली आणि गणपतीने ती लिहून घेतली, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे. म्हणजे कागद करणाऱ्या ह्या गावाने पूज्य मानला तो सांगणारा. लेखक त्याच्यामागून आला. सांगणे आणि ऐकणे आधी, लिहिणे नंतर, हा क्रम आपल्या परंपरेने किती सहज गृहीत धरला होता हे ह्यावरून दिसते.

आता वाद्यांकडे वळू. पेटी आणि माऊथ ऑर्गन ह्या दोहोंचा प्राण एकच. धातूची एक पातळ जीभ एका टोकाशी पक्की बसविलेली असते, दुसरे टोक मोकळे असते, आणि तिच्या बाजूने वारा वाहू लागला की ती आपल्या खाचेतून आतबाहेर कंप पावून सूर देते. हे तत्त्व पूर्वेकडचेच. चीन देशातील शेंग नावाचे वेळूच्या नळ्यांचे वाद्य अतिप्राचीन काळापासून ह्याच तत्त्वावर वाजत आले आहे, आणि आपल्या मिझोरममधील भोपळ्याचे रॉछेम हेही त्याच जातीचे. युरोपात ह्या मोकळ्या जिभेचा प्रसार अठराव्या शतकाच्या अखेरीपासून झाला. पॅरिस येथे अलेक्झांडर डेबेन ह्याने १८४० साली हार्मोनियमचे पेटंट मागितले. जर्मनीतील ट्रोसिंगेन गावी माथियास होनर ह्याने १८५७ पासून माऊथ ऑर्गन तयार करण्याचा कारखाना चालविला आणि त्याचा माल अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला.

ह्या वाद्यांचा गुण तोच त्यांचा दोष होता. जीभ एकदा कानस लावून सुरात बसविली की सूर ठरून गेला. सतारीची तार ओढता येते, सारंगीवर बोट घसरविता येते, बासरीचे छिद्र अर्धे झाकता येते. परंतु पेटीची पट्टी दाबली की तिचा जो सूर असेल तोच निघणार. दोन सुरांमध्ये जे काही असते त्याला ह्या यंत्रात जागा नाही. पाश्चात्त्यांच्या लिहिलेल्या संगीताला ही अडचण फारशी भासली नाही. ज्यांच्या गाण्याचे मर्म सुरांच्या मधल्या प्रदेशात होते त्यांची मात्र पंचाईत झाली.

असे एक लोक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील काळे शेतमजूर. गुलामगिरीतून सुटलेल्या ह्या समाजात 'ब्लूज' नावाचे गाणे जन्मास आले. १९२० पासून त्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. ह्या गाण्यातील गांधार ना धड शुद्ध, ना धड कोमल. तो दोहोंच्या मध्ये कोठेतरी हेलकावत असतो. स्वस्त आणि खिशात मावणारा जर्मन माऊथ ऑर्गन ह्या गायकांना मिळाला खरा, पण त्यात तो गांधार नव्हता. दहा छिद्रांच्या त्या वाद्यात फुंकले असता केवळ सा, ग, प हेच स्वर पुन्हा पुन्हा निघतात, आणि बाकीचे स्वर श्वास आत ओढून मिळवावे लागतात. कारखानदाराची कल्पना अशी की वादकाने फुंकेच्या षड्जावर घर करावे आणि सोप्या चाली वाजवाव्यात.

ह्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या वादकांनी काय केले ते आमच्या संगीतप्रेमी वाचकांस चटकन कळेल. त्यांनी वाद्याचा षड्ज सोडून त्याच्या पंचमाला षड्ज मानले. बिलावलाच्या सप्तकात पंचमापासून आरंभ केला तर खमाजाचे स्वर मिळतात. निषाद आपोआप कोमल होतो. आपल्या शास्त्रात ह्या क्रियेला मूर्च्छना म्हणतात. त्यांना हे नाव ठाऊक नव्हते, क्रिया मात्र साधली होती. शिवाय त्यांचा नवा षड्ज श्वास आत ओढून निघणारा होता, आणि खालच्या छिद्रांतील ओढीच्या सुरांची एक खुबी त्यांच्या कानाने हेरली. श्वास घेताना जिभेची ठेवण आणि तोंडातील पोकळी बदलली की तो सूर खाली वाकतो. कारखान्यात पक्का बसविलेला शुद्ध गांधार वादकाच्या तोंडात मऊ होऊन कोमलाकडे झुकू लागला. जर्मन कारागिराने न घातलेली मींड त्या वाद्यातून निघाली. हा शोध कोणा एका संशोधकाच्या नावावर नाही. आपल्या घरातील गाण्यात जे ऐकले ते ह्या खेळण्यातून निघेपर्यंत ज्यांनी हार मानली नाही अशा पुष्कळ कानांचा तो शोध आहे.

त्यांचे गुरू तरी कोण होते? टेनेसी प्रांतातील डीफोर्ड बेली हा तीन वर्षांचा असताना पोलिओने अंथरुणाला खिळला आणि तेथेच माऊथ ऑर्गन शिकला. आगगाडीची शिटी, चाकांचा ठेका, शिकारी कुत्र्यांचे भुंकणे, हेच त्याचे पाठ. १९२७ साली त्याने 'पॅन अमेरिकन ब्लूज' ह्या नावाने मुद्रित केलेल्या वादनात धावत्या गाडीचे हुबेहूब चित्र आहे. सनी टेरी तरुणपणी आंधळा झाला. १९३८ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याला ऐकण्यास गोरा श्रोतृवर्ग जमला होता. जॉन ली विल्यमसन ह्याच्या १९३७ पासूनच्या ध्वनिमुद्रिकांनी माऊथ ऑर्गनला साथीच्या जागेवरून उठवून गायकाच्या बरोबरीला बसविले, आणि १९४८ साली शिकागोत त्याचा खून झाला तेव्हा त्याची विद्या त्या तबकड्यांच्या द्वारे पुढच्या पिढीच्या कानी गेलेली होती. त्या पिढीतील लिटल वॉल्टर ह्याने मायक्रोफोन आणि वाद्य एकाच मुठीत धरून १९५२ साली 'जुक' वाजविले, आणि खिशातल्या खेळण्याला सॅक्सोफोनचा भरदारपणा आणून दिला. ह्या परंपरेत तबकडी हीच तालीम होती. एकच ओळ दहा वेळा, शंभर वेळा लावावयाची. आधी गुणगुणून घशात बसवावयाची आणि मग वाद्यावर शोधावयाची. घशात न बसलेली ओळ वाद्यावर सापडत नाही, हा ह्या शिक्षणाचा पहिला नियम.

हाच नियम आमच्याकडील भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला कोणी न सांगता ठाऊक असतो. खानदेशात वारकरी परंपरा जुनी आहे. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईची पालखी दर आषाढीला पंढरपुरास जाते. गावोगावच्या भजनात पखवाज आणि टाळ ह्यांच्या जोडीला पेटी आली. ती वाजविणाऱ्याच्या समोर कागद नसतो. म्हणणाऱ्याने तोंड उघडताच त्याचा षड्ज काळी एकचा की काळी चारचा, हे त्याला ओळखावे लागते. आज घसा बसला असेल तर तोच गायक पांढरीवर उतरतो. शिकाऊ पोराला प्रथम षड्ज-पंचम धरून बसण्याचे काम मिळते. पुढे ध्रुवपद, मग अंतरे, आणि कित्येक वर्षांनी कोणत्या अभंगाला कोणती चाल आणि कोणत्या बुवांच्या तोंडी तिचे कोणते वळण, हा सारा संसार त्याच्या बोटांत उतरतो. ह्याला अभ्यास म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

महाराष्ट्रात पेटीला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः रंगभूमीमुळे. १८८० साली किर्लोस्करांचे शाकुंतल पुण्यात रंगमंचावर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले; त्या युगात सारंगीची जागा हळूहळू पेटीने व पायपेटीने घेतली. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष ह्यांच्यासारख्या कारागिरांनी पायाचा भाता काढून हाताचा भाता बसविल्यावर ही पेटी मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या शेजारी आली. परंतु विद्वानांचा तिच्यावर राग होता, आणि तो निराधार नव्हता. तिला मींड नाही, तिच्या पट्ट्यांची अंतरे आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे दोन्ही आक्षेप खरेच आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स ह्यांनी बावीस श्रुती देणारी पेटी करवून घेतली आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ह्या श्रुतींच्या प्रश्नावर मोठा खल झाला. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक ह्यांनीही बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. दुसऱ्या बाजूने १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या कवीचाही ह्या बंदीला पाठिंबा होता. ती बंदी १९७१ च्या सुमारास, तीही अंशतः, उठली. मधल्या तीस वर्षांत ज्या वाद्याला सरकारी दार बंद होते ते घरोघरच्या दिवाणखान्यात, देवळात आणि नाटकगृहात बिनदिक्कत वाजत होते.

यंत्र सुधारणे आणि यंत्र बंद करणे, असे दोन उपाय विद्वानांनी सुचविले. वादकांनी तिसरा उपाय केला, आणि तो कानाचा होता. ह्याचे उत्तम उदाहरण गोविंदराव टेंबे ह्यांचे. १८८१ साली जन्मलेले आणि कोल्हापुरात वाढलेले गोविंदराव पेटी शिकले ते बहुतांशी आपले आपणच. देवल क्लबात त्यांच्या कानावर उत्तम गाणे पडले; भास्करबुवा बखल्यांची त्यांनी भरपूर संगत केली आणि रीतसर तालीम न घेताही त्यांना गुरुस्थानी मानले. पुढे १९११ साली मानापमानाच्या पदांना त्यांनी दिलेल्या चाली साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाल्या. भास्करबुवांचे गाणे पट्ट्यांवर जसेच्या तसे उतरणे शक्य नव्हते, हे त्यांच्याइतके कोण जाणत होते? पेटीवर मींड निघत नाही; परंतु मागचा सूर सुटण्यापूर्वी पुढच्या सुराला हलका स्पर्श केला, कणस्वर नेमक्या जागी लावला आणि त्याच क्षणी भात्याचा दाब किंचित कमी केला, तर ऐकणाऱ्याचा कान मधली दरी स्वतःच भरून काढतो. आणि जेथे तेही साधत नाही तेथे चांगला साथीदार पट्टीवरून बोट उचलून स्वस्थ राहतो. गायकाचा आवाज सुरांच्या मधल्या वाटेने जात असता कोठे वाजवू नये, हे कोणत्याही स्वरलिपीत लिहिलेले नसते. अमेरिकेतल्या वादकाने जीभ वाकविली, आमच्या वादकाला ती वाकविता येईना म्हणून त्याने ऐकणाऱ्याचे मन वाकविले. वाट निराळी, पण दोघांनाही ती दाखविली कानानेच.

येथे कोणी असे विचारील की, मग लेखनाचा काही उपयोगच नाही काय? आमचा तसा मुळीच आग्रह नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी देशभर हिंडून शेकडो चिजा स्वरलिपीत उतरविल्या, तेव्हा कोठे घराण्यांच्या कुलपांत अडकलेली विद्या सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींपर्यंत आली. कानाच्या विद्येत हा मोठा धोका आहेच. गुरूने न ऐकविलेले शिष्याला कधीच मिळत नाही, आणि शिष्याने न ऐकलेले गुरूबरोबर चितेवर जाते. जातीपातीच्या आणि स्त्रीपुरुषभेदाच्या भिंतींमागे ज्यांना ऐकूच दिले नाही त्यांच्यासाठी छापील पुस्तक हे खरोखर उघडे दार ठरले.

खानदेशाला तर ह्याचा पुरावा बाहेर शोधावयास नको. असोद्याच्या लेकीने आणि जळगावच्या सुनेने, बहिणाबाई चौधरींनी, लिहितावाचता येत नसता ओव्या आणि गाणी रचली. ज्या लेवा बोलीत ती रचली तीच यावल, रावेर, भुसावळ ह्या भागांत घरोघर बोलली जाते. जात्याच्या घरघरीवर आणि शेताच्या बांधावर जन्मलेली ती गाणी त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव, आणि त्यांचे मावसबंधू ह्यांनी जमेल तशी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले आणि महाराष्ट्र चकित झाला. जी गाणी टिपली गेली नाहीत ती गेली ती गेलीच. ह्या कथेचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही ध्यानात ठेवावे लागतात. लेखणी नसती तर बहिणाबाई आपल्याला मिळाल्या नसत्या. परंतु नुसती लेखणी असती आणि ओवीच्या ढाळ्यात घडलेला तो कान नसता, तर लेखणीला टिपण्यासारखे काय सापडले असते? व्यास आणि गणपती ह्यांची जोडी हीच. मात्र गणपतीने व्यासांची जागा घेऊ नये.

आज होत आहे ते नेमके हेच, असे आम्हांस वाटते. पेटी शिकविण्याच्या नावाखाली मुलाच्या हाती प्रथमदिवशी सारेगमाचा कागद दिला जातो, पट्ट्यांवर आकडे चिकटविले जातात, आणि कोणती पट्टी कधी दाबावयाची हे त्याला डोळ्यांनी कळते. आठ दिवसांत चाल वाजते, आईबाप संतुष्ट होतात. परंतु गायकाने एक पट्टी वर धरली की ते मूल थांबते, कारण त्याने सूर ऐकलेला नसून आकडा वाचलेला असतो. माऊथ ऑर्गनची गोष्ट निराळी नाही. 'सोलवा साल' आणि 'दोस्ती' ह्या चित्रपटांनी १९५८ आणि १९६४ साली त्या वाद्याची गोडी देशभर लावली, तेव्हा ज्या पोरांनी ते उचलले त्यांच्यापाशी कागद नव्हता. त्यांनी रेडिओ ऐकला, चुकले, पुन्हा ऐकले. तोंडात धरलेल्या वाद्याची छिद्रे वाजविताना दिसतच नाहीत. तेथे कानावाचून गतीच नाही. म्हणूनच ज्याला ऐकून शिकण्याची सवय लावावयाची त्याच्यासाठी हे तुच्छ खेळणे उत्तम गुरू आहे, असे आमचे मत आहे.

ह्या विद्येचे भांडार केवळ पुण्यामुंबईच्या विद्यालयांत आहे असे मानणे चुकीचे होईल. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून एकादशीच्या रात्री जी भजने होतात त्यांत पेटीवर बसलेल्या वृद्ध गृहस्थापाशी शेपन्नास अभंगांच्या चाली, त्यांची गावागावांतून बदलणारी वळणे आणि त्या उचलण्याची रीत एवढे धन असते. त्याला तुम्ही विचारलेत तर 'आम्ही कुठे शिकलो, हे ऐकीव आहे,' असे तो संकोचून सांगेल. त्या संकोचाला कारण आपण आहोत. शिकलेल्या लोकांनी ऐकणे हे शिकणे नव्हे असे त्याला पटवून दिले आहे. त्याची चाल ध्वनिमुद्रित करून ठेवावी, शक्य तर स्वरलिपीत उतरवावी, हे आमचे कर्तव्य खरेच. परंतु त्याहून निकडीचे काम असे की घरातील एखाद्या मुलाला त्याच्या शेजारी नेऊन बसवावे, आणि त्या मुलाच्या हाती कोणताही कागद देऊ नये. पहिले काही महिने त्याने केवळ षड्ज धरून बसावे व ऐकावे. स्वरलिपी त्याला पुढे अवश्य शिकवावी. तोपर्यंत ती कशाची खूण आहे हे त्याच्या कानाला कळलेले असेल.